मुरगाव बंदराची सुरक्षा: फाटक सांभाळलं, पाण्याच्या बाजूचं काय?

वास्कोतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: मुरगाव बंदराच्या फाटकावर सीआयएसएफचे जवान असतात, पास बघितल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. मग दहशतवादी हल्ल्यापासून बंदर सुरक्षित आहे असं धरून चालायचं का? आणि भाचा यंदा तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढतो आहे, त्याने काय लक्षात ठेवावं?

आधी पहिला प्रश्न. फाटक ही बंदरातली सर्वांत जास्त सांभाळलेली जागा आहे, आणि नेमकं म्हणूनच हल्लेखोर दुसरी वाट शोधतो. ऑक्टोबर २००० मध्ये एडन बंदरात इंधन घ्यायला थांबलेल्या यूएसएस कोल या अमेरिकन युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली एक छोटी बोट येऊन भिडली. १७ नौसैनिक मेले. दोन वर्षांनी येमेनच्याच किनाऱ्याजवळ लिंबर्ग या तेलवाहू जहाजावर याच पद्धतीने हल्ला झाला. एप्रिल २००४ मध्ये इराकच्या बसरा तेल टर्मिनलवरही बोटीच धावून आल्या. आपल्याकडे १९९३ चं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं, आणि २६/११ चे दहा जण पोरबंदरचा ‘कुबेर’ ट्रॉलर पळवून, शेवटचा टप्पा रबरी होडीने काटून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. यात फाटक कुठेच येत नाही.

खुद्द मुरगावचा इतिहासही हेच सांगतो. मार्च १९४३ मध्ये, गोवा पोर्तुगीजांकडे आणि म्हणून तटस्थ असताना, बंदरात आश्रयाला थांबलेल्या एरनफेल्स या जर्मन जहाजावर ब्रिटिशांनी रात्री छापा घातला. ती तुकडी आली होती हॉपर बार्जमधून, म्हणजे गाळ वाहणाऱ्या एका साध्या सपाट बोटीतून. ती युद्धातली कारवाई होती, दहशतवाद नव्हे. पण बंदरात कामाची बार्ज कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

आता मुरगावची पाण्याकडची बाजू डोळ्यांसमोर आणा. जुवारीचं मुख, ब्रेकवॉटर म्हणजे लाटा अडवणारा बांध, त्याच्या आत कोळशाचे आणि सामान्य मालाचे धक्के, तेल-रसायनांचा धक्का, क्रूझ जहाजांची जागा. जवळच खारीवाड्याची मासेमारी जेटी, जिथून ट्रॉलर आणि होड्या दिवसरात्र ये-जा करतात. जवळपास नौदलाचा तळ आणि गोवा शिपयार्ड. बाहेर नांगरावर थांबलेली जहाजं, त्यांना लागलेल्या बार्जेस, आणि हंगामात डॉल्फिन दाखवायला निघालेल्या पर्यटक बोटी. या सगळ्यांना त्या पाण्यावर हक्काने फिरायचं आहे. समुद्रात तारेचं कुंपण घालता येत नाही. त्यामुळे इथे सुरक्षा म्हणजे मुख्यतः ओळख आणि वेळ.

वेळेचा हिशेब करून बघा. २५ नॉटने येणारी स्पीडबोट सेकंदाला जवळजवळ १३ मीटर कापते. म्हणजे ५०० मीटरवर ती संशयास्पद वाटली, तर जहाजापर्यंत पोचायला तिला ४० सेकंदही लागत नाहीत. एवढ्या वेळात पहारेकऱ्याने बघायचं, वॉकीटॉकीवर कळवायचं, वरिष्ठाने ठरवायचं आणि गस्ती बोटीने आडवं जायचं, हे होत नाही. एक सागरी मैल आधी दिसली तर सव्वादोन-अडीच मिनिटं मिळतात. तेवढ्यात भोंगा, सर्चलाइट, इशारा आणि गस्ती बोटीची आडवी धाव, एवढं जमतं. तेही ‘काय करायचं’ हे आधी ठरलेलं असेल तर. म्हणून पाण्याकडचा पहारा धक्क्याच्या कडेला उभा करून भागत नाही. तो ब्रेकवॉटरच्या टोकाशी, उंचावर आणि बाहेरच्या गस्ती बोटीवर हवा.

इथे रडारवर फार विसंबू नये. फायबरची किंवा लाकडी होडी रडारला फिकी दिसते, आणि पावसाळ्यात लाटांचाच इतका गोंगाट पडद्यावर येतो की ती त्यात बुडून जाते. एआयएस, म्हणजे बोटीचं नाव आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र, याचीही मर्यादा आहे: आंतरराष्ट्रीय प्रवासावरच्या ३०० टनेजच्या वरच्या जहाजांवर ते सक्तीचं आहे, आपल्याकडे २० मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींवरही बसवायला लावलं आहे. पण ते यंत्र जे सांगतं ते बोटीने स्वतःबद्दल सांगितलेलं असतं, आणि बंद केलं की गप्प. खरा उपयोग दोन्ही एकावर एक ठेवून होतो. रडारवर ठिपका आहे, एआयएसवर नाव नाही, आकार मोठा आहे, तर तिथे आधी दुर्बीण किंवा थर्मल कॅमेरा वळवा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत लहान होड्या सोडल्या तर रात्री बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या बोटीला विचारणा व्हायलाच हवी. हा काळ पहारेकऱ्यांच्या दृष्टीने सोपा असायला हवा, पण अंधूक हवा आणि पाऊस यांमुळे तो कठीण होतो, आणि नेमक्या याच दिवसांत गस्त कमी करण्याचा मोह होतो.

इशारा देण्यात एक चूक वारंवार होते. व्हीएचएफ या सागरी रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर तीनदा पुकारलं, उत्तर नाही, म्हणजे शत्रू, असं समजलं जातं. पण छोट्या होडीवर व्हीएचएफ नसतोच. ट्रॉलरवर असला तरी खलाशी बरेचदा ओडिशा, झारखंड किंवा कर्नाटकातले असतात. इंग्रजीतला इशारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. गस्ती बोटीवर लाउडस्पीकर हवा, आणि कोंकणी व हिंदीत ठरलेली छोटी वाक्यं हवीत: थांबा, इंजिन बंद करा, हात दिसू द्या. त्यानंतर प्रकाशझोत, मग आडवं जाणं. बळाचा वापर कोण, कधी, कोणाच्या हुकमाने करील हे लेखी ठरलेलं असावं; ते चाळीस सेकंदांत ठरवायची गोष्ट नाही.

ट्रॉलर तपासताना कागदांच्या आधी जाळं बघा. मासे मारून परत येणाऱ्या बोटीचं जाळं ओलं असतं, त्यात शेवाळ, खवले अडकलेले असतात, खणात बर्फ असतो, डेकवर वास असतो. जाळं कोरडं, घडी घातलेलं, बर्फ नाही, मासे नाहीत, तरी बोट पाण्यात खोल बसलेली आणि डिझेलचे कॅन गरजेपेक्षा जास्त, असं दिसलं तर थांबवून ठेवा. नोंदणी क्रमांक आयएनडी-जीए असा सुरू होतो की दुसऱ्या राज्याचा आहे, आणि बोटीचा रंग त्या राज्याला ठरवून दिलेल्या रंगाशी जुळतो का, तेही बघा. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला विचारा, काल कुठे जाळं टाकलं, किती वाव खोल पाणी होतं. खरा तांडेल एका दमात सांगतो.

बार्जेसबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण गोव्याची खरी फट तिथे आहे. बंदरं आणि जहाजं यांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे आयएसपीएस कोड. डिसेंबर २००२ मध्ये स्वीकारला गेला आणि १ जुलै २००४ पासून लागू झाला. तो प्रवासी जहाजांना, ५०० टनेज आणि त्यावरच्या मालवाहू जहाजांना लागू होतो, पण आंतरराष्ट्रीय प्रवासावर असतील तरच. मांडवी-जुवारीतून खनिज घेऊन येणारी बार्ज त्यात बसत नाही, फेरीबोट बसत नाही, मांडवीतला कॅसिनो बसत नाही, मासेमारी बोट बसत नाही. म्हणजे कोडमध्ये बसणाऱ्या जहाजाच्या अंगाला रात्रभर घासून उभी राहणारी बार्ज कोडच्या बाहेर. नांगरावर खनिज भरणारं जहाज रिकामं येतं तेव्हा त्याचा डेक पाण्यापासून उंच असतो, चढणं अवघड. जसजसा माल भरतो तसतसं जहाज खाली बसतं, आणि शेवटच्या पाळीत डेक बराच खाली आलेला असतो. नेमक्या त्याच वेळी सगळे थकलेले असतात आणि सुटायची घाई असते. पहारा शेवटच्या पाळीला वाढवायचा असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक ठिकाणी तेव्हाच सैल पडतो.

उपाय साधा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. पाळी सुरू होण्याआधी जहाजाच्या स्थानिक एजंटाने जहाजाला बार्जेसची यादी द्यावी: नाव, नोंदणी क्रमांक, तांडेलाचा फोन, माणसं किती. यादीत नाही त्या बार्जचा दोर घ्यायचा नाही, मग ती रोजची ओळखीची का असेना. आधी एजंटाला फोन. बार्जवरच्या माणसांना वर यायचं असेल तर एकाच शिडीने, नाव लिहून. काम नसेल तेव्हा ती शिडी वर ओढून घ्यायची. पहारेकऱ्याने समुद्राच्या बाजूने खाली वाकून बार्ज आणि जहाज यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारायचा. अंधारात छोटी होडी तिथे सहज लपते.

बिनमाणसांचं जहाज हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेलं नू शी नलिनी हे जहाज, वर कोणीही नसताना, वादळी हवेत वाहून दोनापावलजवळ खडकांत रुतलं. त्यात घातपात नव्हता. पण ज्वालाग्राही माल, पहारा नाही आणि बंदराच्या तोंडाशी, हे तिन्ही एकत्र यायला द्यायचेच नसतात. जप्त किंवा वादात अडकलेल्या जहाजावर किमान पहारेकरी, चालू दिवे आणि तयार टग (जहाज ओढणारी बोट) ठेवण्याचा खर्च कोण करणार हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. पैशाचा वाद चालू असताना जहाज मात्र तिथेच डुलत असतं.

जमिनीकडे वळलो तर फाटकावरच्या माणसापेक्षा त्याच्या हातातल्या कागदावर माझा कमी भरवसा आहे. कंत्राटदार बदलतो, कामगार सोडून जातो, पास मात्र खिशात राहतो. महिन्यातून एकदा चालू पासांची यादी कंत्राटदारांच्या हजेरीशी ताडून बघितली तर बरेच पास रद्द करावे लागतात. क्रूझ जहाज लागतं तेव्हा प्रवाशांची तपासणी चोख होते, एक्सरे यंत्र, धातुशोधक चौकट, सगळं. कमी लक्ष जातं ते पुरवठ्याच्या गाड्यांकडे: भाजी, पाणी, कपडे धुऊन आणणारा, सुटे भाग. मनिलाच्या सुपरफेरी १४ वर फेब्रुवारी २००४ मध्ये ११६ जण गेले, आणि तो बॉम्ब एका टीव्ही संचात घालून जहाजावर चढवलेला होता. पुरवठ्याची यादी, गाडीचा क्रमांक आणि चालकाचं नाव आदल्या दिवशी जहाजाकडे आणि बंदराच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे, म्हणजे पीएफएसओकडे, पोचायला हवं. यादीबाहेरचं खोकं परत. जहाजावरच्या स्वयंपाक्याने ऐनवेळी चार पेट्या जास्त मागवल्या म्हणून ती आत जात नाही. आधी जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी संमती.

मुरगावात कंटेनर थोडे, पण जे आहेत ते नीट बघावेत. मार्च २००४ मध्ये इस्राएलच्या अश्दोद बंदरात दोन आत्मघातकी हल्लेखोर कंटेनरमध्ये दडून पोचले होते. दहा जण मेले. बोल्ट सील, म्हणजे कंटेनरच्या दाराला लावलेलं क्रमांकाचं लोखंडी सील, नुसतं बघून सोडायचं नाही: क्रमांक कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा, हाताने जोरात ओढा, मग पिळून बघा. खोटं किंवा चिकटवलेलं सील पिळताना सुटून येतं. मग दाराच्या कडीचे रिव्हेट बघा. सील शाबूत ठेवून कडीच काढलेली असेल तर तिथे नवा रंग किंवा ओरखडा दिसतो. २० फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर भरतो. रिकामा म्हणून आलेला कंटेनर टेपने मोजलात आणि साडेपाच भरला, तर पुढची भिंत खरी नाही.

अमोनिया, नाफ्था यांसारख्या मालाबद्दल एकच सांगतो. हल्लेखोराला स्फोटकं आणावीच लागतील असं नाही. बंदरात आधीच असलेल्या मालावर तो डोळा ठेवू शकतो. बैरूतमध्ये ४ ऑगस्ट २०२० ला झालेला स्फोट हल्ला नव्हता, पण २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं गोदामात विसरलं गेलं होतं. असा माल बंदरात कमीत कमी तास राहावा, टँकर भरत असताना दुसरं कोणतंही वाहन त्या पट्ट्यात नसावं, आणि वारा कुठून वाहतो आहे हे पाळीच्या सुरुवातीला फळ्यावर लिहिलेलं असावं. अमोनिया सुटला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने पळायचं असतं. बंदराशेजारच्या सडा आणि बायणा वस्त्यांतल्या लोकांना हे आधीच माहीत असायला हवं.

आता भाच्यासाठी. जहाजावर आणि बंदरात सुरक्षेच्या तीन पातळ्या असतात. पातळी १ म्हणजे रोजचा पहारा, २ म्हणजे धोका वाढल्यावर काही काळ जादा बंदोबस्त, ३ म्हणजे हल्ला घडण्याच्या बेतात किंवा घडतो आहे. पातळी सरकार ठरवतं. जहाजाची पातळी बंदरापेक्षा खाली ठेवता येत नाही. जहाज वरच्या पातळीवर असेल तर बंदराबरोबर डिक्लेरेशन ऑफ सिक्युरिटी हा लेखी करार मागता येतो, ज्यात कोण काय सांभाळणार ते कलमवार लिहिलेलं असतं. जहाजाचा सुरक्षा अधिकारी, एसएसओ, बहुधा चीफ ऑफिसरच असतो. माल चढ-उतार, बॅलास्ट म्हणजे जहाजाचा तोल राखणारं पाणी, आणि कागद हे सगळं त्याच्याच डोक्यावर. म्हणून खालच्या माणसांनी आपणहून नीट पहारा दिला तरच योजना चालते.

गँगवेवरची, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवरची, ड्यूटी हलकी समजू नको, असं त्याला सांगा. येणाऱ्याचं ओळखपत्र हातात घेऊन फोटो चेहऱ्याशी जुळवायचा, कोणाकडे काम आहे ते विचारायचं, त्या माणसाला फोन करून खातरी करायची, पिशवी उघडून बघायची, मग नोंद. गणवेश बघून सोडायचं नाही. कोणीतरी चिडेल, चिडू दे. मुरगावात भरती-ओहोटीने पाणी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होतं, त्यामुळे गँगवे सारखा ठीक करावा लागतो. त्या गडबडीत दोन-तीन जण नोंद न करता चढून जातात. पेंट लॉकर, स्टिअरिंग गिअरची म्हणजे सुकाणूच्या यंत्राची खोली, स्टोअर यांना कुलूप आणि क्रमांकाचं सील लावायचं, आणि फेरीत फक्त सीलचे क्रमांक बघायचे. फेरीची वेळ ठरावीक ठेवायची नाही. दर तासाच्या ठोक्याला निघणारी फेरी बाहेरच्या माणसालाही पाठ होते.

ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, आणि आणखी किमान एका ठिकाणी एसएसएएसचं, म्हणजे हल्ल्याची गुप्त सूचना देणाऱ्या यंत्रणेचं, बटण असतं. ते दाबलं की जहाजावर काहीही वाजत नाही, आसपासच्या जहाजांनाही कळत नाही. संदेश थेट कंपनीला आणि जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे तिथल्या अधिकाऱ्यांना जातो. ते कुठे आहे हे पहिल्या दिवशी विचारून घ्यावं, आणि चाचणी करायची असेल तर आधी कळवल्याशिवाय हात लावू नये. सराव किमान दर तीन महिन्यांनी व्हायला हवा. पाव भागाहून जास्त खलाशी बदलले आणि नव्यांनी अलीकडे सराव केला नसेल, तर आठवड्याच्या आत पुन्हा. सराव नुसता सही करून झाला तर तरुणानेच विचारावं, ‘साहेब, शोध घ्यायचा तर माझ्या वाटणीला कुठली जागा?’ प्रत्येकाने रोजची ओळखीची जागाच शोधायची असते, कारण तिथे काय नवीन आलं ते त्यालाच कळतं.

तांबड्या समुद्राच्या बाजूने जाणार असेल तर एक फरक पक्का डोक्यात ठेवावा. चाचे चढले तर सगळ्यांनी सिटाडेलमध्ये, आतून बंद होणाऱ्या खोलीत जायचं असतं. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या बाजूला लीला नॉरफोक जहाजाचे २१ जण असेच आत बसले आणि भारतीय नौदलाच्या कमांडोंनी त्यांना सुखरूप सोडवलं. पण सिटाडेल बहुधा खाली, इंजिनरूम किंवा स्टिअरिंग गिअरच्या बाजूला असतं. स्फोटकांची बोट किंवा क्षेपणास्त्र येतं तेव्हा पाण्याच्या रेषेखाली बसणं हीच सर्वांत वाईट जागा. तेव्हा जमायचं रेषेच्या वर, जहाजाच्या आतल्या बाजूला, काचांपासून दूर. दोन धोक्यांसाठी दोन जागा, आणि दोन वेगळे भोंगे. हा धोका लांबचाही राहिलेला नाही: डिसेंबर २०२३ मध्ये केम प्लुटो या टँकरवर गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ड्रोनहल्ला झाला, आणि त्यावर बहुतेक सगळे आपलेच लोक होते.

शेवटी मासेमारांबद्दल, कारण पाण्यावर सर्वांत जास्त डोळे त्यांचे आहेत. खारीवाडा, माळीम, कुटबण, शापोरा इथला तांडेल अनोळखी बोट कुठल्याही रडारच्या आधी ओळखतो. पण एकदा फोन केल्यावर त्यालाच चौकीत बसवून ठेवलं, मासळीचा लिलाव हुकला, तर तो पुन्हा फोन करत नाही, आणि शेजाऱ्यालाही करू देत नाही. माहिती देणाऱ्याला जागेवरच मोकळं करायचं, जबाब नंतर जेटीवर जाऊन घ्यायचा, आणि पुढे काय झालं ते त्याला कळवायचं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. फोनवर आधी जागा सांगा, जीपीएस असेल तर त्याचे आकडे, नसेल तर ‘आग्वादच्या दिव्यापासून अमुक दिशेला’. मग बोट कुठल्या दिशेने चालली आहे, रंग, दिसला तेवढा क्रमांक, इंजिनं किती, माणसं किती. स्वतः जवळ जायचं नाही, पाठलाग करायचा नाही, पण नजरेआड होईपर्यंत फोन ठेवायचाही नाही.